डिझेल जीप स्टार्ट होत नाहीये? सेल्फ मारत बसण्याआधी सायलेन्सरकडे बघा

पावसाळा सुरू झाला की मला असे फोन यायला लागतात. यंदाचा पहिला मावसभावाचा. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या रस्त्याला मित्रांबरोबर गेला होता, महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप, चढावर तिरकी लावून फोटो काढत बसले, अर्ध्या तासाने निघायला गेले तर जीप चालू होईना. "दादा, चालूच होत नाहीये रे, वीस मिनिटं झाली सेल्फ मारतोय." मी पहिलं त्याला सांगितलं चावीवरचा हात काढ, आणि मग तीन प्रश्न विचारले. सेल्फ जोरात फिरतोय का? धूर येतोय का? आणि गाडी पाण्यातून गेली होती का?

या तीन प्रश्नांवर हा लेख आहे. डिझेल गाडीचं काही कळत नाही, ते मेकॅनिकचं काम, असं बऱ्याच लोकांना वाटतं आणि मग रानात अडकल्यावर एक तर बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारतात नाहीतर टोइंग बोलावतात, नाहीतर गॅरेजमध्ये एकामागून एक पार्ट बदलून घेतात. खरं तर डिझेल इंजिनाला चालू व्हायला फार कमी गोष्टी लागतात आणि त्यातली कुठली कमी पडतेय ते बाहेरून बघून, ऐकून बऱ्यापैकी कळतं.

## डिझेल पेटतं कसं, ते आधी

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग असतो, ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, आठवतंय? हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं मर्म एवढंच. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, १६ ते २२ पट, की ती पाचशे अंशाच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. या दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात, पुढे हा शब्द येत राहील.

ज्यांनी घरात रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह बघितलाय त्यांना बाकीचं लगेच कळेल. त्या स्टोव्हला पंप मारून दाब लागायचा, पिन मारून नोझल साफ ठेवावं लागायचं, आणि बर्नर आधी काकडा पेटवून तापवायला लागायचा, नाहीतर नुसता पांढरा धूर आणि वास. डिझेल इंजिनाचं तेच आहे. फवाऱ्याला दाब देणारा पंप, बारीक फवारा मारणारं नोझल, आणि जुन्या इंजिनांना थंड असताना लागणारा काकडा, म्हणजे हीटर प्लग. एक गोष्ट जास्तीची, ती म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं. सेल्फने इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा तरी फिरवलं पाहिजे, हळू फिरवलं तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटते, उष्णता सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात, आणि डिझेल मिळूनसुद्धा पेटत नाही.

म्हणजे वेग, डिझेल आणि उष्णता. यातलं काय नाहीये ते शोधायचं.

## पाण्यातून आली असेल तर सेल्फ मारूच नका

हे सगळ्यात आधी लिहितोय कारण बाकी बऱ्याचशा चुकांत बॅटरी उतरते, या चुकीत इंजिन जातं. ओढा पार करताना गाडी मध्येच बंद पडली, किंवा पाणी बॉनेटपर्यंत आलं होतं आणि बाहेर काढल्यावर चालू होत नाहीये, तर चावी काढून ठेवा.

कारण असं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. एमएम ५४० मधल्या २११२ सीसीच्या चार सिलिंडरच्या प्यूजो इंजिनाचं उदाहरण घ्या, एका सिलिंडरला ५२८ सीसी जागा. पिस्टन पूर्ण वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरलेली जागा साधारण २५-३० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. एअर फिल्टरमधून तेवढं पाणी आत गेलं तरी पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. सेल्फ ढकलतोय, पाणी हटत नाही, मग वाकतो तो पिस्टनला धरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड. पेट्रोल गाडीत वरची जागा जास्त असते, डिझेलमध्ये कमी, म्हणून डिझेल इंजिनाला हा धोका जास्त.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर जीव भांड्यात. ओला असेल तर हीटर किंवा नोझल चारही सिलिंडरचे काढायचे आणि मग सेल्फ थोडा थोडा मारायचा, त्या भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडतं, तोंड लांब ठेवा आणि कुणालाही वाकून बघू देऊ नका. इंजिन ऑइलची पट्टी पण बघा, ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी तिथेही पोचलंय आणि ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. हे जमणार नसेल तर गाडी ओढून न्या, आणि नेताना गिअरमध्ये ठेवू नका. धक्का मारून चालू करायचा प्रयत्न इथे तर अजिबात नको, धक्क्यात सेल्फपेक्षा ताकद जास्त असते, सेल्फ कदाचित अडकून थांबेल पण उतारावरची दीड टनाची जीप थांबत नाही.

आणि पावसाळ्यात चढलेल्या ओढ्यात गाडी घालूच नये. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला हवा छताच्या उंचीवरून देणारा पाईप, गाडीत पाणी शिरू देत नाही, पण गाडीला वाहून जाण्यापासून वाचवत नाही.

## 'चालू होत नाही' म्हणजे नक्की काय होतंय?

मेकॅनिकला फोन करून लोक एवढंच सांगतात, चालू होत नाहीये. पण चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही ही एक गोष्ट, नुसतं टक् होतं ही दुसरी, घर्र... घर्र... करत रेंगाळत फिरतो ही तिसरी, आणि सेल्फ एकदम खणखणीत फिरतोय पण इंजिन पकडत नाही ही अगदीच वेगळी. पहिल्या तीन विजेच्या बाजूच्या आहेत. चौथीत वीज ठीक आहे, डिझेल किंवा उष्णता बघायची. इतकं नीट वेगळं केलं तरी अर्धं काम झालं.

विजेची बाजू तपासायला हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. लाइट पूर्ण विझला तर बॅटरीत दम नाही किंवा कुठेतरी जोड सैल आहे. लाइट तसाच लख्ख राहिला आणि नुसतं टक् झालं किंवा तेही नाही, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाहीये किंवा सेल्फ गेलाय. लाइट मंद झाला आणि सेल्फ रेंगाळत फिरला तर बॅटरी उतरलेली, नाहीतर वायरींमध्ये वीज अडतेय, क्वचित सेल्फच घासतोय.

## "पण बॅटरी नवीन आहे आणि लाइट तर लागतोय!"

हे वाक्य दर वेळी ऐकायला मिळतं. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपास खातात, डिझेलचा सेल्फ दोनशे ते चारशे. तोटीतून धार येतेय म्हणजे हौदाचं बूच काढल्यावर लोंढा येईल असं नाही. बारीक कामाला पुरणारी वीज सेल्फला पुरत नाही.

मल्टिमीटर ठेवा जवळ, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी भार उचलत नाहीये, मग ती गेल्या महिन्यात घेतलेली असली तरी. आणि बॅटरीवर ११ च्या आसपास टिकून आहे पण सेल्फ मात्र रेंगाळतोय, तर बॅटरीला दोष देऊ नका, वीज वाटेत अडतेय.

ऑफ-रोड गाड्यांमध्ये ही वाटच सगळ्यात जास्त त्रास देते. दगडधोंड्यातून हादरे बसून बॅटरीचा क्लॅम्प सुटतो, टर्मिनल सैल होतात, आणि इंजिन ते चॅसी जी अर्थची जाड पट्टी असते ती चिखलपाण्यात सडते. माझ्या स्वतःच्या जीपचं हेच झालं होतं. एका गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग सेल्फचं वाइंडिंग नवीन भरून घेतलं, साडेआठ हजार गेले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घर्र घर्र. शेवटी एका ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या वयस्कर काकांनी जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि म्हणाले आता मार. खाडकन चालू झाली. अर्थची पट्टी बाहेरून ठीक दिसत होती, आतून हिरवी पडून दोन-चार तारांवर लटकत होती. नवीन पट्टी दीडशे रुपये. तेव्हापासून मी कुणालाही बॅटरी घेण्याआधी हे करून बघायला सांगतो. मल्टिमीटरने पण कळतं, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावून सेल्फ मारायचा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब.

सेल्फ खाली असतो, ओढ्याचं गढूळ पाणी त्यात शिरतं आणि वाळल्यावर चिकटून बसतं, हे पण लक्षात असू द्या. नुसतं टक् होत असेल तर सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोके देऊन बघायची जुनी युक्ती बऱ्याचदा घरी पोचवते, पण त्यानंतर सेल्फ खोलून साफ करायचा, पुढच्या वेळेची वाट बघायची नाही.

आणि सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मग मिनिट-दोन मिनिटं थांबा. सेल्फची मोटर थोड्या वेळासाठी बनवलेली असते, सलग मारला की आतलं वाइंडिंग तापून जळतं.

## सेल्फ खणखणीत फिरतोय, मग एकाला मागे उभं करा

डिझेल इंजिन स्वतःचं दुखणं सायलेन्सरमधून सांगतं. सेल्फ मारताना मागून पांढरट-करडा धूर येतोय, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा, तर त्याचा अर्थ डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण पेटत नाहीये. उष्णतेचा प्रश्न. आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारूनही काहीच धूर नाही, नुसती हवा, तर डिझेल पोचतच नाहीये. एवढ्या एका फरकावर पुढचं सगळं ठरतं, आणि तो न बघता लोक थेट पंप उतरवतात. इंजेक्शन पंप, म्हणजे तोच फवाऱ्याला दाब देणारा पंप, खोलून बेंचवर बसवणं हे हजारोंचं काम आहे, आणि बऱ्याच वेळा दोष त्याच्या आधीच्या दहा रुपयांच्या वॉशरमध्ये असतो.

माझ्या मावसभावाला धूर दिसत नव्हता.

## धूर नाही, म्हणजे डिझेल अडलंय

टाकीपासून सुरुवात करा. काट्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाड्यांचा काटा काहीही दाखवतो. मग बंद करायची व्यवस्था. डिझेल इंजिन बंद करायचं म्हणजे डिझेल तोडायचं, जुन्या काही जीपना त्यासाठी डॅशबोर्डवर ओढायचं बटण असतं, त्याची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहिली तर पंप बंदच राहतो. पंपावर विजेचा कटऑफ असेल तर चावी ऑन केल्यावर पंपाजवळ बारीक टिक् ऐकू यायला हवं. नाही आलं तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतायत का बघा, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन वायरी कुरतडतात आणि ही वायर नेमकी त्यांच्या वाटेत असते. व्होल्ट येतायत पण टिक् नाही, तर कटऑफ गेलाय.

हे ठीक असेल तर फिल्टर. फिल्टरच्या किंवा सेडिमेंटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या, तळाला एक स्क्रू असतो, तो सैल करून खाली काचेची बाटली धरा. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाला बसतं आणि बाटलीत खाली वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात आणि बराच काळ अर्धी टाकी ठेवून उभ्या असलेल्या गाडीत हे पाणी हमखास सापडतं, हवेतली वाफ टाकीच्या रिकाम्या भागात थंड होऊन थेंब होतात. पाणी जास्त दिवस राहिलं तर पाणी आणि डिझेलच्या मध्ये जिवाणू वाढतात आणि काळा चिकट गाळ तयार होतो, तो फिल्टर बुजवून टाकतो. तसा गाळ दिसला तर फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवावी लागते.

आणि मग हवा. आपल्याकडे म्हणतात ना, गाडीने एअर पकडली. सुई टोचण्याआधी डॉक्टर इंजेक्शनमधली हवा काढतात तशीच ही गोष्ट आहे, कारण मात्र वेगळं. पंप डिझेल दाबतो तेव्हा डिझेल आक्रसत नाही म्हणून दाब सरळ नोझलपर्यंत पोचतो आणि नोझल उघडतं. मध्ये हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही. चमचाभर हवा पुरते.

ऑफ-रोडला ही हवा येते कशी? गाडी चढावर किंवा एका बाजूला कलून उभी असेल आणि टाकीत डिझेल कमी असेल तर डिझेल एका कोपऱ्यात जातं आणि ओढणाऱ्या पाईपचं तोंड उघडं पडतं. सपाट रस्त्यावर पाव टाकी पुरेशी, घाटातल्या कच्च्या चढावर ती धोक्याची. म्हणून रानात जाताना अर्ध्याच्या खाली टाकी ठेवू नये.

ही हवा काढायची रीत अशी. फिल्टरच्या वर किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावर एक हातपंप असतो, दाबायचं बटण किंवा गोल गुंडी. गाडी शक्य तेवढी सपाट जागेवर घ्या, फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेलं, मग नुसतं डिझेल. पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी चालू झाली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाईपांचे नट नोझलच्या बाजूला एक-एक फेरा सैल करून सेल्फ मारायचा, नटातून डिझेलचे झटके यायला लागले की आवळायचा. बहुतेक जुन्या गाड्यांना इथे १७ नंबरचा पाना लागतो. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना, नवीन गाड्यांचं पुढे सांगतो, तिथे हे करायचं नाही.

## रोज सकाळीच त्रास, नंतर दिवसभर ठीक, असं का?

हा प्रश्न जुनी बोलेरो किंवा जीप वापरणारे सगळ्यात जास्त विचारतात. टाकी ते फीड पंप हा भाग ओढण्याच्या बाजूला आहे, तिथे भेग असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि मालक म्हणतो कुठेच लीक नाही. रात्री गाडी उभी राहिली की त्या भेगेतून हवा हळूहळू शिरते, डिझेल मागे टाकीत उतरतं, आणि सकाळी पंपाला पुन्हा सगळी लाइन भरावी लागते.

ओळखायची सोपी युक्ती, फीड पंपाच्या आधीचा रबरी पाईप काही दिवसांसाठी डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक पाईपने बदला. सकाळी सेल्फ मारण्याआधी बघा, पाईप रिकामा किंवा बुडबुड्यांनी भरलेला दिसला तर चोर सापडला. मग मागे मागे जात क्लॅम्प, वॉशर, फिल्टरचं रबर, आणि नोझलवरून परत जाणारे बारीक कापडी आवरणाचे पाईप तपासायचे, ते सुकून तडकतात आणि मीटरभर पाईप बदलायला फार पैसे लागत नाहीत.

## पांढरा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही

इथे काकड्याची आठवण ठेवा. प्यूजोच्या त्या जुन्या इंजिनात डिझेल सरळ सिलिंडरमध्ये न जाता बाजूच्या एका छोट्या खोलीत फवारलं जातं, त्या खोलीच्या भिंती थंड असल्या की दाबलेल्या हवेची ऊब त्याच खातात, म्हणून हीटर लागतात. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डीआय इंजिनांना आपल्या हवामानात त्यांची तितकी गरज पडत नाही.

हीटर तपासायला वायर काढून मल्टिमीटरने हीटरचं टोक ते इंजिन असा रेझिस्टन्स बघा, साधारण एक ओहमच्या आसपास किंवा कमी यायला हवा, मीटरने आकडाच दाखवला नाही, म्हणजे वाट तुटलेली, तर तो जळालाय. चारातला एक गेला तर इंजिन थरथरत चालू होतं, दोन-तीन गेले की थंडीत उठतच नाही. सगळे ठीक असतील तर रिले आणि फ्यूज बघा, कारण वीजच येत नसेल तर चांगला हीटर काय करणार.

हीटर चांगले, सेल्फ चांगला, तरी पांढरा धूर, तर मग कॉम्प्रेशन. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, वाफ बाजूने जाते, तसं पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले की हवा निसटते आणि तापत नाही. हे अचानक होत नाही, महिनोन्महिने सकाळी जास्त जास्त सेल्फ मारायला लागतो, ऑइल कमी होतं, मग एक दिवस बंद. अचानक झालं असेल तर पंपाचं टायमिंग, म्हणजे फवारा मारायची वेळ, हललंय का ते बघायचं, किंवा टाकीत काय भरलंय ते. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं तर ते उशिरा पेटतं, शिवाय पंपाला डिझेलचंच वंगण मिळत असतं ते पातळ होतं. पेट्रोल पंपावरच चूक लक्षात आली तर चावी ऑनसुद्धा करू नका, टाकी रिकामी करून घ्या.

थंडीवरून आणखी एक. आपल्याकडून दर वर्षी किती तरी लोक गाड्या घेऊन स्पिती-लडाखला जातात आणि सकाळी गाडी उठत नाही म्हणून घाबरतात. डिझेलमध्ये मेण असतं, फार थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर बुजतो, खोबरेल तेल डिसेंबरात गोठतं तसंच. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. पुण्याहून भरून नेलेली टाकी तिथल्या थंडीत उपयोगाची नाही, वर पोचता पोचता संपवायची आणि तिथलं भरायचं. गोठलंच तर फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, ऊन लागू द्या. खाली स्टोव्ह पेटवणारे बघितलेत, कृपा करून ते करू नका.

## नवीन गाड्यांत सगळं कम्प्युटर आहे, मग आपण काय बघणार?

२०१० च्या थारमध्ये सीआरडीई इंजिन आलं, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर तर नव्या गाड्यांतून जुना मेकॅनिकल पंप संपलाच. सीआरडीई म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून प्रचंड दाबाने डिझेल, आणि कुठलं नोझल कधी उघडायचं ते कम्प्युटर ठरवतो. चालू असताना हा दाब १६०० बार किंवा त्याच्याही वर जातो, गाडीच्या टायरच्या जवळपास आठशे पट. म्हणूनच वर सांगितलं की इथे पाईपचे नट सैल करून सेल्फ मारायचा नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरून हात कापायची वेळ येते. तसं कधी झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

पण मूळ तीन गोष्टी त्याच, वेग, डिझेल, उष्णता. त्यात फक्त कम्प्युटरची परवानगी वाढली. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, इंजिन फिरतंय हेच कम्प्युटरला कळत नसेल तर तो डिझेल सोडत नाही, चिखलात गेलेल्या गाडीत त्याचा प्लग आधी साफ करून बघा. मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर ठेवा, तो बिघाडाचा कोड दाखवतो, पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या बाजूला बघायचं, पी००८७ म्हणजे नळीत दाब तयार होत नाहीये. तोही फिल्टर बुजल्यामुळे असू शकतो, त्यामुळे कोड आला म्हणून थेट पंप बदलू नका. दोनेकशे बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ही इंजिनं उठत नाहीत, आणि एखादं नोझल झिजून डिझेल परत पाठवत असेल तर तेवढा दाब होत नाही. ते तपासायला चारही नोझलच्या परतीच्या पाईपांना चार सारख्या बाटल्या लावतात, ज्याची सगळ्यात आधी भरते तो आजारी. चांगला मेकॅनिक हे आधी करतो, मग बोलतो.

आणि ज्या गाड्यांना धूर साफ करायला डीईएफ लागतं, ज्याला लोक युरिया म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गाड्या ते संपत आलं की किलोमीटर उलटे मोजतात आणि शून्यावर एकदा बंद केली की पुन्हा स्टार्ट होऊ देत नाहीत. तिथे काहीच बिघडलेलं नसतं. ट्रिपला निघताना भरून घ्या.

## धक्का मारला तर? स्प्रे मारला तर?

बॅटरी उतरलीय, डिझेल आहे, जुनी मेकॅनिकल पंपाची जीप आहे, तर धक्का मारा, दुसऱ्या गिअरला क्लच सोडा, चालू होईल. सीआरडीई गाडीत बॅटरी पूर्णच मेली असेल तर कम्प्युटर जागाच होत नाही, धक्का फुकट, जंप केबल लावा. डिझेलच पोचत नसेल तर धक्क्याने काहीच होणार नाही, फक्त माणसं दमतील.

ईथरचा स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरपाशी धरणं, हे मी नको म्हणेन, आणि हीटर असलेल्या इंजिनाला तर कधीच नको. ते हीटरच्या लालभडक टोकाला लागून वेळेआधीच भडकतं, पिस्टन अजून वर येत असताना, आणि रिंगा तुटतात. एकदा चालू झाली म्हणून लोक खूश होतात आणि महिन्याभरात इंजिन खोलायला येतं.

## केळदच्या चढावर काय झालं

मावसभावाचं उत्तर होतं, सेल्फ आता मंद झालाय पण आधी जोरात होता, धूर नव्हता, पाण्यातून गेलो नाही. काटा पावच्या खाली. एवढं पुरेसं होतं. त्याला सांगितलं आधी सगळ्यांनी मिळून जीप सपाटीला घ्या, उतार आहे तर न्यूट्रलमध्ये सोडा, एक जण दगड घेऊन चाकाजवळ राहा. फोन स्पीकरवर ठेवून फिल्टरचा स्क्रू त्याने सैल केला, हातपंप मारायला लागला. "दादा, फेस येतोय नुसता." मार अजून. तीसेक वेळा मारल्यावर बुडबुडे कमी झाले, मग स्वच्छ डिझेल. पंपावरचा स्क्रूही तसाच केला. सेल्फला दहा मिनिटं विश्रांती, बॅटरी उतरलेली म्हणून मित्राच्या गाडीची जंप केबल, हीटर वीस सेकंद धरला. दुसऱ्या प्रयत्नात मागून करडा धूर आला, तिसऱ्यात जीप धडधडली. तिथून निघाले ते आधी पंपावर गेले आणि तीस लिटर भरलं, पाना आता त्याच्या डॅशबोर्डच्या खणात असतो.